तीन अंगणवाड्या, एक वही

मूल तीन वर्षांचं होत आलंय आणि तुम्ही राहता वाडीवर. वाडीतली अंगणवाडी जवळ आहे, पण गावठाणातली चांगली म्हणतात. ओढ्यापलीकडे आणखी एक आहे, तिथल्या ताईंचं नाव सगळे घेतात. आता घालायचं कुठे? चला, आपण दोघं मिळून बघू. उदाहरणाला अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका घेते, कारण पश्चिमेला घाटघर-रतनवाडीचा धो धो पाऊस, पूर्वेला रस्त्याकडेची मोठी गावं आणि मधे विखुरलेल्या वाड्या, असं सगळं त्या एकाच तालुक्यात भेटतं. तुमचा तालुका दुसरा असला तरी क्रम हाच ठेवा.

लागणारं सामान: एक वही, पेन, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, घड्याळ. आणि आठ-दहा दिवसांतल्या चार-पाच मोकळ्या सकाळी. पैसे लागत नाहीत. अंगणवाडीला फी नाही, आहारही मोफत.

आधी घरी

१. वहीच्या पहिल्या पानावर मुलाची जन्मतारीख लिहा. दाखला समोर ठेवूनच लिहा. "आवणीच्या दिवसांत झाला" असं आठवणीवर जाऊ नका. तीन पूर्ण ते सहा वर्षांपर्यंतची मुलं अंगणवाडीत रोज बसतात, आणि पुढे पहिलीच्या प्रवेशाला हीच तारीख लागते.

२. तिच्याखाली सोडणाऱ्याचं आणि आणणाऱ्याचं नाव लिहा. सकाळी आजी, दुपारी मोठी बहीण, जे खरं असेल ते. "कुणीतरी आणेल" असं लिहू नका. निवड बहुतेक वेळा या ओळीवरच अडते.

३. आशाताईंना गाठून आसपासच्या सगळ्या अंगणवाड्यांची नावं विचारा. त्या घरोघर फिरतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतली अंगणवाडी तुमच्या दाराजवळ असू शकते, तीही विचारा. एकाच गावात दोन-तीन अंगणवाड्या असतात, म्हणून नावाबरोबर क्रमांक लिहून घ्या. नुसतं "शाळेजवळची" लिहिलंत तर पुढे घोटाळा होईल.

४. यादीतल्या तीनच ठेवा. चौथी-पाचवी बघायचा मोह होईल, पण तीनच्या पुढे गेलात की कुठे काय पाहिलं ते मिसळून जातं.

५. प्रत्येकीसाठी एक पान घ्या आणि तिन्ही पानांवर त्याच आठ ओळी त्याच क्रमाने लिहा: वाट, जागा, पाणी आणि शौचालय, हजेरी, मुलं काय करतात, आहार, वजन-उंची, ताई आणि मदतनीस. एका पानावर एक ओळ जास्त, दुसऱ्यावर एक कमी असं करू नका. सारखीच मापं लावली तरच तुलना होते.

मग वाट

६. मुलाचा हात धरून तिन्ही वाटा चालून या. एका दिवसात एकच वाट चाला, म्हणजे मूल दमणार नाही. जाण्याची आणि येण्याची मिनिटं लिहा. मोटारसायकलवरून बघू नका. गाडीवर पाच मिनिटांची वाट तीन वर्षांच्या पायाला अर्ध्या तासाची होते, आणि गाडी रोज घरी नसते.

७. वाटेत ओढा, मोरी, विहीर, मोठा रस्ता, मोकाट कुत्री, जे जे लागेल ते लिहा. उन्हाळ्यात चालत असाल तर ओढ्याकाठच्या घरात विचारा, "पावसात इथून लेकरं जातात का?" पश्चिमेला भंडारदऱ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण पूर्वेच्या कोरड्या गावांतली माणसं हा प्रश्न हमखास विसरतात. पावसाळ्यात आठवडे-आठवडे बंद पडणारी वाट असेल तर ती अंगणवाडी कितीही चांगली असो, पानावर लाल खूण करा.

आता भेट ठरवा

८. आदल्या दिवशी ताईंना भेटून विचारा. एवढंच म्हणा: "ताई, पोराला घालायचंय. उद्या सकाळी येऊन थोडा वेळ कोपऱ्यात बसू का?" तपासणीला आल्यासारखं बोलू नका. ताईंच्या मागे आधीच मोबाइलवरची माहिती, गृहभेटी आणि सभा असतात. तुम्ही पालक म्हणून आलात हे कळलं की त्या मोकळेपणाने दाखवतात.

९. दिवस नीट निवडा. लसीकरणाचा दिवस, वजनाचा दिवस, आठवडे बाजार आणि मे महिना टाळा, कारण या दिवसांत रोजचं चित्र दिसत नाही. आवणीच्या दिवसांत मुलं आईबापाबरोबर खाचरावर असतात, तेव्हा हजेरी कमी दिसली तर तो दोष ताईंचा धरू नका.

पहिली भेट

१०. अंगणवाडी उघडायच्या वेळेला पोहोचा. कुलूप कोण काढतं, किती वाजता काढतं, ते लिहा. ताई दहा मिनिटं उशिरा आल्या तर लगेच काट मारू नका. पण मुलं ओट्यावर एकटी बसून वाट बघत असतील तर ते नक्की लिहा.

११. आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. कुंपण, फाटक, उघडी टाकी, विजेची लोंबती तार, मागची विहीर. इथे फक्त एकच प्रश्न ठेवा: मूल नजर चुकवून बाहेर पळालं तर पहिल्यांदा कुठे पोहोचेल?

१२. छप्पर बघा. भिंतीवर ओलीचे डाग कुठपर्यंत आलेत ते बघा. रंगवलेल्या हत्ती-घोड्यांकडे नंतर वळा. नवा रंग ओल झाकतो, म्हणून कोपऱ्यात खाली वाकून बघा.

१३. पिण्याचं पाणी कुठून भरतात ते विचारा. भांड्यावर झाकण आणि ओगराळं आहे का बघा. मुलं पेला थेट बुडवत असतील तर ते लिहा.

१४. शौचालयाचं दार स्वतः उघडून बघा. ते आहे एवढ्यावर समाधान मानू नका. आत झाडू-बादल्या रचलेल्या असतील तर मुलं वापरत नाहीत. आत पाणी आहे का आणि मुलाच्या उंचीला कडी पोहोचते का, या दोन गोष्टी लिहा.

१५. हजेरी मोजा. तीन ते सहा वयाची किती मुलं नोंदलेली आहेत ते ताईंना विचारा आणि समोर बसलेली तुम्ही मोजा. दोन्ही आकडे शेजारी लिहा. लहान बाळं आणि गरोदर मातांचीही नोंद तिथेच असते, त्यांचा आकडा यात मिसळू देऊ नका.

१६. आता कोपऱ्यात बसा आणि अर्धा तास गप्प राहा.

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे तुमच्याबरोबर थोडी थांबते. फोन पिशवीत टाका. पहिली पाच-दहा मिनिटं मुलं तुमच्याकडेच बघतील, ताईही गाणं जरा जोरात म्हणतील. तेवढा वेळ काहीच लिहू नका. मग सगळे तुम्हाला विसरतात, आणि रोज जे चालतं ते सुरू होतं.

मुलं बोलतात का ते ऐका. ताईंच्या मागून एका सुरात म्हणणं वेगळं आणि आपणहून बोलणं वेगळं. "ताई, आमच्या शेळीला करडू झालं" असं कुणी मधेच सांगितलं आणि ताईंनी "हो का? कुठल्या रंगाचं?" असं विचारलं, तर त्या पानावर ठळक चांदणी काढा. मुलाला गप्प करून पुन्हा "क कमळाचा" सुरू झालं तर तेही लिहा. पश्चिमेच्या वाड्यांत मुलं घरी ठाकरी किंवा आपल्या वाडीची बोली बोलतात. ताई ती बोली ऐकून घेतात का, तिच्यातच उत्तर देतात का, की हसून दुरुस्त करतात, याकडे कान द्या. तीन वर्षांचं मूल नव्या जागी आपल्या बोलीत बोललं आणि कुणाला ते समजलं, की ते दुसऱ्या दिवशी रडत नाही.

मग हात बघा. मुलांच्या हातात काय आहे? मणी, ठोकळे, चिंचोके, माती, खडू, काहीही चालेल. अर्धा तास हात रिकामे आणि मांडीवर असतील तर नोंद करा. मुलं पाटीवर ओळीने अक्षरं गिरवत बसलेली दिसली तर पुष्कळ पालकांना बरं वाटतं, "शिकवतात हो!" तुम्ही मात्र त्यातलं तीन वर्षांचं मूल शोधा आणि ते काय करतंय ते बघा. बहुतेक वेळा ते पाटी चाटत असतं किंवा झोपेला आलेलं असतं. अशा ठिकाणी तुमचं मूलही तेच करेल.

शेवटी, सगळ्यात मागे बसलेलं मूल शोधा. प्रत्येक अंगणवाडीत एखादं असतं, नाक वाहणारं, न बोलणारं. अर्ध्या तासात ताई किंवा मदतनीस त्याच्याजवळ एकदा तरी गेल्या का? याचं उत्तर हो की नाही, एका शब्दात लिहा.

१७. खेळणी ठेवलेल्या कपाटाजवळ जा. शासनाकडून पूर्व शालेय शिक्षणाचा संच येतो, तो कुठे आहे ते बघा. वेष्टनात जसाच्या तसा ठेवलेला संच वापरलेल्या, कोपरे झिजलेल्या संचापेक्षा छान दिसतो, पण गुण झिजलेल्याला द्या.

१८. ताईंना विचारा, "या आठवड्यात काय घेताय?" महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी 'आकार' हा बालशिक्षणक्रम आहे, आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'आधारशिला' आणला. पुस्तक कुठलं, यावर वाद घालू नका. ताई पटकन "पाणी" किंवा "आपलं घर" असा विषय सांगून त्यातला एक खेळ दाखवू शकल्या तर पूर्ण गुण द्या.

आहाराची वेळ

१९. हात धुताना बघा. साबण आहे का, आणि ओळीतल्या शेवटच्या मुलापर्यंत पाणी पुरतं का.

२०. आहार शिजतो कुठे आणि शिजवतं कोण ते विचारा. कुठे बचत गट घरून करून आणतो, कुठे अंगणवाडीतच चूल किंवा गॅस असतो. आत शिजत असेल तर चूल आणि मुलं यांच्यात दार आहे का बघा. भाजण्याची भीती इथेच सगळ्यात जास्त.

२१. एक घास स्वतः खाऊन बघा. मागायला लाजू नका, ताईच "घ्या ना" म्हणतील. खिचडीत डाळ दिसते का, उसळ मऊ शिजली आहे का, मीठ-तिखट मुलाच्या जिभेला सोसेल का.

२२. आज काय आहे एवढंच विचारू नका, काल काय होतं ते मुलांना विचारा. मुलं खोटं बोलत नाहीत. वर्षात ३०० दिवस आहार मिळायचा असतो, म्हणून "गेल्या महिन्यात किती दिवस बंद होता?" हे ताईंनाही विचारा. धान्य उशिरा आलं असं उत्तर मिळालं तर ते वरून घडलेलं असतं, ताईंवर राग काढू नका, फक्त लिहा.

२३. तुमची वाडी आदिवासी क्षेत्रात येत असेल तर अंड्यांची चौकशी करा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत तिथल्या ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून ४ दिवस उकडलेलं अंडं, न खाणाऱ्यांना केळी, असं मिळतं. अंडं तिथेच खातात की घरी नेतात तेही विचारा. घरी गेलेलं अंडं पुष्कळदा तीन भावंडांत वाटलं जातं.

वजन, उंची, दंड

२४. वजनकाटा आणि उंची मोजायचं साधन दाखवायला सांगा. काटा माळ्यावर असेल तर तो दर महिन्याला उतरवत नाहीत, हे उघड आहे. वजन दर महिन्याला व्हायला हवं.

२५. तुमच्या मुलाचं वजन आणि उंची तिथेच घ्यायला सांगा. चप्पल, स्वेटर काढूनच उभं करा, नाहीतर आकडा फुगतो. वाढीच्या तक्त्यावर ठिपका कुठल्या रंगाच्या पट्ट्यात पडला ते ताई समजावून सांगतात का, याकडे लक्ष द्या. नुसता आकडा सांगून पुढच्या कामाला लागल्या तर आपण विचारा.

२६. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावून घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती लावतात. १२.५ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त हिरवं, ११.५ ते १२.५ पिवळं, ११.५ च्या खाली लाल. लाल आलं तर तुलना तिथेच थांबवा आणि मुलाला घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. अंगणवाडी आठवडाभराने निवडली तरी चालेल.

२७. आरोग्य तपासणीचं पथक शेवटचं केव्हा आलं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवं. महिना सांगता आला, कुठलं मूल पुढे दवाखान्यात पाठवलं हे मोघम तरी सांगता आलं, की समजा कामाची नोंद डोक्यातही आहे. इतर मुलांची नावं मात्र विचारू नका.

२८. निघताना मदतनीस ताईंशी दोन शब्द बोला. मुलांना घरून गोळा करून आणणं, हात धुणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, हे त्यांच्याकडे असतं. दोघींपैकी एक जागा रिकामी असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा, कारण एकट्या बाईने वीस मुलं आणि चूल दोन्ही सांभाळणं कठीण.

२९. बाहेर पडल्यावर पहिल्या झाडाखाली बसून आठही ओळी भरा. घरी जाऊन लिहू म्हणाल तर अर्धं विसराल.

आता उरलेल्या दोन अंगणवाड्यांत पायरी ८ पासून २९ पर्यंत हेच सगळं करा. तपशील गाळू नका, तिसऱ्या ठिकाणी कंटाळा येतो आणि तिथेच अन्याय होतो.

दुसरी फेरी

३०. आठवड्याच्या वेगळ्या वारी, न कळवता, आहाराच्या वेळेला प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं जाऊन या. आत शिरून प्रश्न विचारू नका. मुलं आहेत का, ताई आहेत का, जेवण आहे का, तीनच खुणा करा.

३१. जिल्हा परिषद शाळेच्या पहिलीच्या बाईंना किंवा गुरुजींना भेटा. विचारा, "कुठल्या अंगणवाडीतून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात रुळतात?" कोण हुशार असतात, असं विचारू नका.

३२. दोन आयांशी बोला, एक अंगणवाडीजवळ राहणारी, एक लांबून येणारी. जवळचीला सोय वाटते, लांबचीला अडचण. दोघींचं ऐकल्यावर खरं कळतं.

निवड

३३. तिन्ही पानं फाडून पाटावर शेजारी मांडा. घरातल्या सोडणाऱ्याला आणि आणणाऱ्यालाही बोलवा.

३४. आधी लाल खुणांची पानं बाजूला काढा. पावसात बंद होणारी वाट, उघडी विहीर, चूल आणि मुलं यांच्यात दार नाही, या सगळ्या लाल खुणाच. ताईंशी बोलून महिन्याभरात दुरुस्त होण्यासारखं असेल तर पान परत ठेवा, नाहीतर नाही.

३५. उरलेल्यांत पायरी १६ ची ओळ आधी वाचा, मग आहार, मग वाट, आणि इमारत सगळ्यात शेवटी. हा क्रम माझा आहे, आणि मी तो बदलणार नाही. गळकं नसलेलं साधं खोपट आणि मुलांचं ऐकणारी ताई, हे रंगीत फरशी आणि गप्प मुलं यांच्यापेक्षा केव्हाही चांगलं.

३६. दोन पानं सारखी निघाली तर जवळची घ्या. रोज जाणं होतं, आणि तुम्हीही मधून मधून डोकावू शकता. वाडीतली थोडी मागे असली तरी आधी तिचा विचार करा, कारण सगळ्यांनी मुलं गावठाणात नेली की वाडीच्या अंगणवाडीत पटसंख्या घसरते आणि मागे राहतात ती सोडायला कुणी नसलेली मुलं.

३७. निवडलेल्या ठिकाणी मुलाला तासभर नेऊन बसवा. रडलं तर निर्णय बदलू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत न्या.

नोंदणी

३८. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड घेऊन ताईंकडे नाव नोंदवा. आधार अजून काढलं नसेल तर तेवढ्यासाठी घरी थांबू नका, ताईंशी बोला.

३९. मूल आधी दुसऱ्या अंगणवाडीत नोंदलेलं असेल, बाळ असताना शिधा घेत असाल तर असतंच, तर ताईंच्या मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नाव इकडे हलवून घ्यायला दोन्ही ताईंना सांगा. दोन्हीकडे नाव राहिलं तर दोघींच्या नोंदी अडतात. नारायणगावकडे किंवा आणखी कुठे मजुरीला काही महिने जात असाल तर जाण्याआधीही हेच करा, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत मुलाचा आहार चालू राहील.

४०. महिन्याभराने वही काढून निवडलेल्या पानाच्या आठ ओळी पुन्हा भरा. काही खटकलं तर आधी ताईंशी बोला, मग त्यांचं काम बघणाऱ्या मुख्यसेविकांशी, आणि तरीही हललं नाही तर तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात तारीख आणि अंगणवाडीचा क्रमांक लिहा, आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.